अर्थाची वायर

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या घरी गाडी सुरू करायची, हा नियम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. कुठे जायचं असायलाच हवं असं नाही. आजोबा बॉनेट उघडणार, ऑइल बघणार, रेडिएटरमधलं पाणी बघणार, चोक ओढणार आणि सेल्फ मारणार. गाडी पाच-दहा मिनिटं जागेवरच गुरगुरणार. मग पेरांबूर स्टेशनपर्यंत एक फेरी आणि येताना आजीसाठी गजरा. गल्लीतले लोक त्या आवाजावर घड्याळ लावायचे, असं आजी सांगते. आजी थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

आजोबा १९६३ साली साताऱ्याहून मद्रासला आले, इथल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत नोकरीला. रेल्वेचे डबे बनवणारा हा कारखाना १९५५ साली पेरांबूरला सुरू झाला आणि देशभरातली माणसं इथे येऊन राहिली. चार-पाच वर्षं काढू आणि परत जाऊ, असं म्हणत आजोबा इथलेच झाले. १९९६ साली मद्रासचं चेन्नई झालं, आजोबा मात्र अजून 'मद्रास'च म्हणतात. घरात आम्ही मराठी बोलतो, गल्लीत तमिळ आणि मी ऑफिसात इंग्रजी.

१९७५ साली त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. स्टँडर्ड हेराल्ड, मॉडेल १९६६. माझ्या वयाच्या वाचकांना हे नाव कदाचित माहीतही नसेल. त्या काळी आपल्याकडे गाडी म्हटलं की मुख्यतः तीनच नावं असायची. कलकत्त्याकडची अँबॅसडर, मुंबईची फियाट आणि आमच्या मद्रासची स्टँडर्ड. हेराल्ड मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, तिचं डिझाइन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. १९६१पासून ती मद्रासबाहेर वंडलूरजवळच्या कारखान्यात बनायला लागली. इंजिन जेमतेम ९४८ सीसीचं. वळणाचा घेर इतका लहान की आमच्या गल्लीत रिक्षा अडते, हेराल्ड वळते.

तिची एक मजा म्हणजे बॉनेट. ते पुढच्या मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं. मग इंजिन तीन बाजूंनी उघडं पडतं आणि चक्क पुढच्या टायरवर बसून काम करता येतं. एका टायरवर आजोबा, दुसऱ्यावर मी, हातात पाने धरून. माझं बालपण म्हटलं की मला हेच आठवतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दीड वर्षापूर्वी आजोबांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. देवाच्या दयेने हातपाय वाचले. पण बोलणं मंदावलं. त्यांना सगळं कळतं. काय बोलायचं तेही डोक्यात तयार असतं. पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. एक शब्द येतो, मग थांबा, मग दुसरा. कधी भलताच शब्द येतो आणि त्यांचे तेच वैतागतात.

स्पीच थेरपिस्टने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा." आम्ही माना डोलावल्या. महिनाभर थांबलोही. मग आपली नेहमीची घाई सुरू झाली. आजोबा "पा..." म्हणाले की आई पाणी आणून द्यायची. कधी त्यांना पाणी हवं असायचं, कधी पेपर. हो-नाही त्यांना पटकन सांगता यायचं. त्यामुळे आम्ही प्रश्नही तसेच विचारायला लागलो. "जेवलात?" "हो." "बरं वाटतंय?" "हो." आणि घरात सगळं ठीक चाललंय असं आम्हाला वाटायला लागलं.

रविवारचा नियम मात्र बाबांनी सोडला नाही. फरक इतकाच की आता गाडीत बाबा बसायचे आणि आजोबा उघड्या बॉनेटशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर.

दिवाळीच्या सुमाराला गाडीचा सेल्फ जड फिरायला लागला. एरवी किल्ली फिरवली की झर्रकन फिरणारं इंजिन आता खर्र... खर्र... खर्र करायचं, दम लागलेल्या माणसाने जिना चढावा तसं. कधी चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला सुरू व्हायची, कधी नाही. मग गल्लीतली चार मुलं बोलावून धक्का.

बाबांनी आपण सगळेच करतो ते केलं. नवी बॅटरी आणली. दोन रविवार बरे गेले, म्हणजे तसं आम्हाला वाटलं. तिसऱ्या रविवारी पुन्हा खर्र... खर्र. दुकानदाराशी वाद घालून बाबांनी तीही बॅटरी बदलून आणली. फरक शून्य. मग एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्पने इथे-तिथे तपासलं. बल्ब सगळीकडे लागला. तो म्हणाला, "वायरिंग ठीक आहे सर, सेल्फ मोटर गेली. आतून भरावी लागेल, नाहीतर दुसरी शोधा."

खरं तर शोधायला चेन्नईसारखं शहर नाही. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुदुपेटचा बाजार प्रसिद्ध आहे. आमच्या घरापासून जवळच पाडीला लुकास टीव्हीएसचा कारखाना आहे, १९६१पासून गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारा. पण बाबा थकले होते. ऑफिस, आजोबांची औषधं, थेरपी आणि त्यात गाडीच्या आरसीचं नूतनीकरण येऊन ठेपलं होतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे अधिकाऱ्यासमोर गाडी खर्र-खर्र करत उभी राहिली तर?

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे. तोही पर्याय आम्ही पाहिला. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांना काढायची. मग आजीचा गजरा कोण आणणार?

जानेवारीत एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "एक जण घ्यायला तयार आहे. सुटे भाग काढायला नेणार आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी येतो म्हणाला."

कुणी काही बोललं नाही. बाबांनी आजोबांकडे पाहिलं. "नाना, चालेल ना? आता तिचंही वय झालं."

आजोबांनी तोंड उघडलं. काहीतरी म्हणायचं होतं. आम्ही वाट पाहिली, फार तर दहा सेकंद. मग बाबांनीच विचारलं, "चालेल?"

"हो," आजोबा म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'तिचंही' या शब्दातला तो 'ही' कानात राहिला.

मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्लिश केलं आणि आता रोज आठ तास लोकांना सल्ले देते. 'केसगळतीवर सात उपाय', 'फ्रिज जास्त काळ टिकण्यासाठी पाच सवयी'. यातलं मी स्वतः किती करून पाहिलंय ते विचारू नका. पण त्या रात्री वाटलं, निदान ही एक गोष्ट तरी स्वतःच्या हाताने तपासावी. गाडी जायचीच असेल तर जाऊ दे. पण तिला काय झालं होतं ते न कळताच जाऊ नये.

आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. चेन्नईत भाजीवाल्यापासून बस कंडक्टरपर्यंत सगळेच अण्णा असतात आणि मराठी माणसाला ते परकं वाटत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सेल्फ मारताना हेडलाइट लावून बघितला का, मा?"

नव्हता बघितला.

"बघ. दिवा अगदी मंद झाला तर बॅटरी कमजोर, नाहीतर मोटरच फार करंट ओढतेय. दिवा चांगला राहिला आणि तरी सेल्फ रेंगाळला, तर करंट मोटरपर्यंत नीट जात नाही, किंवा परत येत नाही. लोक जायचा रस्ता तपासतात. यायचा रस्ता कुणी तपासत नाही."

रविवारी मी बाबांना सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः गाडीसमोर उभी राहिले. खर्र... खर्र... खर्र. हेडलाइट मात्र छान चमकत होते, जरासेच मंदावले. म्हणजे बॅटरी धडधाकट होती. दोन्ही बॅटऱ्यांचे पैसे उगाच गेले होते. बाबांना हे लगेच सांगायचं धाडस मला झालं नाही.

इथे थोडं विज्ञान सांगते, कारण ते कळल्यावर मला स्वतःला फार मजा वाटली. पूर्वी गाडी सुरू करायला पुढे हँडल घालून हाताने इंजिन फिरवायचे. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेवरचा सेल्फ स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. तेव्हापासून हाताचं काम मोटर करते. पण ते काम दांडगं आहे. तुमच्या फोनचा चार्जर दोन-तीन अँपिअरचा असतो. सेल्फ मोटर फिरताना शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढते.

हा करंट बॅटरीतून जाड वायरीने मोटरपर्यंत जातो. परत यायला मात्र वेगळी वायर नसते. मोटरचं कव्हर, इंजिन, गाडीची बॉडी असं लोखंडातूनच तो बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. यालाच आपण 'अर्थिंग' म्हणतो, मेकॅनिक नुसतं 'अर्थ' म्हणतात. गोम अशी की इंजिन थेट बॉडीवर बसवलेलं नसतं. हादरे बसू नयेत म्हणून मध्ये रबर असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. तिच्यावर सगळा भार. ती कुजली तर?

आता टेस्ट लॅम्पने का फसवलं तेही सांगते. तो छोटा बल्ब जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. कुजलेल्या पट्टीतले चार धागे शाबूत असले तरी तेवढा करंट सहज जातो आणि बल्ब लागतो. समजा त्या पट्टीत एका ओहमचा फक्त पन्नासावा भाग इतकाच अडथळा आहे. अर्ध्या अँपिअरला तो जाणवतही नाही. पण दीडशे अँपिअर जायला लागले की तिथेच तीन व्होल्ट खर्च होतात. मोटरच्या वाट्याला उरतात आठ-नऊ. मग ती बिचारी रेंगाळणारच. छोट्या कामाला सगळं ठीक दिसतं, मोठं काम सांगितलं की खरं काय ते कळतं.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या रविवारी मला फक्त इतकंच कळलं होतं की दोष बॅटरीत नाही.

मी बाबांना म्हटलं, "अजून एकदा मारा." आणि इंजिनावर वाकून बघायला लागले, कुठे ठिणगी दिसते का. आधार म्हणून डावा हात टेकवला तो कार्ब्युरेटरजवळ येणाऱ्या चोकच्या वायरीवर. एकदम चटका बसला. मी किंचाळून हात मागे घेतला.

इंजिन तर सुरूच झालं नव्हतं. सगळं थंड होतं. मग चोकची वायर तापली कशी?

आणि मला दिवाळीनंतरचा एक रविवार आठवला. आजोबांनी खुर्चीतून वाकून त्याच वायरीला हात लावला होता, झटकन मागे घेतला होता आणि म्हणाले होते, "गरम." मग परत, "गरम... चो... गरम." आईने आतून ऐकलं आणि टेबल फॅन बाहेर आणून त्यांच्यासमोर लावला. पुढच्या रविवारी पुन्हा "गरम" आणि पुन्हा फॅन. त्यानंतर ते काही म्हणाले नाहीत.

मी बोट तोंडात घालून वळले. आजोबा खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होते.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आजोबा, चोकची वायर गरम होते, हेच सांगत होतात ना तुम्ही?"

"हो."

"का होते गरम?"

या प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. आजोबांनी डोळे मिटले. ओठ हलले. बाबा गाडीतून उतरून आले आणि काहीतरी बोलणार होते. मी हाताने थांबवलं. आम्ही थांबलो. शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. घरातल्या माणसासमोर दीड मिनिट काहीही न बोलता बसणं फार अवघड असतं, एकदा करून बघा.

"पट्टी," आजोबा म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "खाली. इंजिनची. पट्टी." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून दाखवली. विणलेली पट्टी.

बाबा मटकन टायरवर बसले.

मी धावत टपरीवर गेले आणि अण्णांना घेऊनच आले. मीटर आणि जंपर केबल त्यांच्या पिशवीत होतीच. आधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक लावलाय याची खात्री केली. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलकडे जाणारी बारीक वायर काढली. मीटरचं एक टोक इंजिनाच्या लोखंडाला, दुसरं बॉडीला जोडलेल्या बॅटरीच्या टोकाला. बाबांनी सेल्फ मारला. चांगल्या गाडीत इथे जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट दिसायला हवा. मीटरवर ३.४ आला.

मग अण्णांनी जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या त्याच टोकाला लावला आणि दुसरा थेट इंजिनाला. म्हणजे करंटला परतीचा तात्पुरता नवा रस्ता दिला. "आता मारा, सर."

झर्रर्र!

तीन महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. आजी आतून पळत बाहेर आली, हातात लाटणं घेऊन. मोटर उत्तम होती. सुरुवातीपासून उत्तम होती.

पट्टी काढायला अर्धा तास लागला. ती इंजिनाच्या खालच्या बाजूला होती आणि वरून ऑइल-मातीचा जाड थर बसल्याने दिसतच नव्हती. बाहेर काढली तर हिरवीगार, निम्मे धागे तुटलेले, उरलेले हाताने चुरगळत होते. आजीने ती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "कळकलीये की ही!" कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर जे होतं तेच. आजी चिंच आणायलाही निघाली होती, पण पट्टी चिंचेच्या पलीकडे गेली होती.

कधी कळकली असेल, याचा हिशोब बाबांनी लावला. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात आमच्या गल्लीत पाणी भरलं होतं. गाडी दोन दिवस अर्ध्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही सीट वाळवल्या, ब्रेक करून घेतले, ऑइल बदललं. वितभर पट्टी कुणाच्या लक्षात आली नाही. चेन्नईची हवा खारट. तिने सावकाश आपलं काम केलं. तांब्याचा रस्ता बंद होत गेला, तसा करंट मिळेल त्या धातूतून वाट काढायला लागला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी आणखी एक धातूची गोष्ट म्हणजे चोकची वायर. ती बिचारी पातळ, एवढा भार तिचा नव्हेच. म्हणून ती तापायची. अजून काही महिने गेले असते तर ती जळून आगही लागली असती, असं अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुदुपेटहून नवी पट्टी आणली. किंमत १८० रुपये. दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज आम्ही पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, कारण रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी वीज जात नाही. पट्टी लावून मीटर पुन्हा धरला. ०.२ व्होल्ट.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि सेल्फ जड फिरत असेल, तर नवं काही विकत घेण्याआधी एवढं कराच. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. त्या बॅटरीला टेकल्या तर चटका नाही, भाजतंच. बॅटरीजवळ काडी-सिगारेट नको. टर्मिनलवर पांढरा-निळा थर असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. वायर काढताना आधी बॉडीला जोडलेलं टोक काढायचं आणि लावताना तेच शेवटी लावायचं. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मोटरला थोडा गार व्हायला वेळ द्या. मग हेडलाइट बघा आणि परतीचा रस्ता तपासा. एवढं करूनही मोटर रेंगाळली तरच तिला दोष द्या.

गाडी घ्यायला येणाऱ्या माणसाला बाबांनी त्याच संध्याकाळी फोन करून नाही सांगितलं. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पास होईल की नाही ते बघू. ब्रेक आणि दिवे व्यवस्थित आहेत, आणि निदान अधिकाऱ्यासमोर सेल्फ तरी फसवणार नाही.

मला मात्र राहून राहून एकच गोष्ट टोचते. आमच्या घरात गाडीचा दोष ओळखणारा माणूस पहिल्या दिवसापासून हजर होता. त्याने सांगितलंही. पैसे गेले, तीन महिने गेले, गाडी भंगारात जायची वेळ आली. का? तर आम्हाला दीड मिनिट थांबता आलं नाही. आम्ही शब्द ऐकला 'गरम' आणि अर्थ आमच्या सोयीचा लावला. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे, अर्थाचा अनर्थ. इंग्लिश साहित्याची पदवी घेतलेली मी रोज शब्दांवर पोट भरते, आणि घरातल्या माणसाचे दोन शब्द मला कळले नाहीत.

आता जेवणाच्या टेबलावर आम्ही एक नियम केलाय. आजोबांना दिवसातून एकदा तरी असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असू शकत नाही. आणि मग थांबायचं. फोन हातात घ्यायचा नाही, शब्द सुचवायचा नाही. थेरपिस्टचंही म्हणणं आहे की असा सराव चांगला. पहिल्या आठवड्यात आईला फार जड गेलं, तिचा हात सारखा पाण्याच्या तांब्याकडे जायचा. पण आजोबांनी परवा साताऱ्याच्या घराची अख्खी गोष्ट सांगितली. त्याला पाऊण तास लागला. भात गार झाला. पण ती गोष्ट बाबांनीही याआधी कधी ऐकली नव्हती.

गेल्या रविवारी साडेसातला बाबा गाडीत बसले. चोक ओढला, किल्ली फिरवली. झर्रकन इंजिन फिरलं आणि पहिल्याच फटक्यात सुरू झालं. मी चोकच्या वायरीला हात लावून पाहिला. गार होती. बाबा उतरून आजोबांच्या खुर्चीपाशी आले आणि उकिडवे बसले.

"नाना, कसा वाटतो आवाज?"

आजोबांनी ऐकलं. मग बोलायला सुरुवात केली. एक शब्द, थांबणं, पुढचा शब्द. बाबा हलले नाहीत. मागे गाडी चालू होती, पेट्रोल जळत होतं, आणि पेट्रोलच्या बाबतीत एरवी फार काटेकोर असणारे माझे बाबा शांतपणे बसून होते.

"मी," आजोबा म्हणाले. "हे. दिवाळीपासून. सांगतोय."

आणि खूप दिवसांनी हसले. मग बाबांनी त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे बसले, आणि आम्ही गजरा आणायला गेलो.